एकंपासून वर जाणारे मिसाळ सर

मिसाळ सरांसमोर ‘खूप’ म्हणायची सोय नव्हती. भोकरदनच्या शाळेत मराठी शिकवायला लागून मला वर्षही झालं नव्हतं. एप्रिलातली दुपार, शिक्षकांच्या खोलीतला पंखा नुसता घरघरत होता, आणि मी पदराने वारा घेत म्हटलं, “बाई गं, आज खूप ऊन आहे.” कोपऱ्यात पेपर तपासत बसलेले सर मान वर न करता म्हणाले, “कुणापेक्षा?”

मला कळेचना. “म्हणजे?”

“कालच्यापेक्षा, का जालन्यापेक्षा? एकट्याला खूप म्हणता येत न्हाई, मॅडम. शेजारी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं.”

असा राग आला मला! मी जालन्याची, तोंडाने आधीच फटकळ. म्हटलं, “तुमच्यापेक्षा, सर. तुमच्यापेक्षा ऊन बरं.” सगळी खोली हसली. सरही हसले. पण मग पेन खाली ठेवून थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, “ह्या दोन्हीला एक माप न्हाई. ह्यांची तुलना होत न्हाई.” हा माणूस आपली झालेली चेष्टासुद्धा तपासून घेतो, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली.

भानुदास मिसाळ. उंच, हाडकुळे, चालणं असं जल्दीचं की सोबत चालणाऱ्याला धाप लागावी. शिकवायचे गणित, आणि त्यांचं सगळं गणित एकाच प्रश्नाभोवती फिरायचं : दोघांत मोठा कोण? तेही न मोजता. वर्गात गेले की विचारायचे, “ह्या वर्गात पोरं जास्त का बाकं? खबरदार, मोजायचं न्हाई.” पोरं डोकं खाजवत बसायची. मग सर म्हणायचे, “एका बाकावर एकानंच बसा.” बाकं संपली आणि अर्धी पोरं उभी राहिली की सर टाळी वाजवायचे. “बघा! किती ते माहीत न्हाई, पण जास्त कोण ते बिलकुल कळलं.” शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असायचे आणि भिंतीपलीकडे हा बाक सरकवण्याचा धुडगूस. किती वेळा वाटलं जाऊन भांडावं. एकदा गेलेही, आणि दारात उभी राहून तास संपेपर्यंत ऐकत राहिले.

त्या तासाला त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिला होता. दोनचा दोनाशी गुणाकार, असे शंभर दोन. दुसरीकडे तीनचा तिनाशी, असे साठ तीन. मोठं कोण? सगळी पोरं तीनच्या बाजूने. मीसुद्धा. तीन म्हणजे दोनापेक्षा मोठा, त्यात एवढं विचारायचं काय? सर म्हणाले, “शंभर दोनांचे पाच-पाचाचे गट करा. साठ तिनांचे तीन-तीनाचे. दोन्हीकडं गट तेवढेच, वीस वीस. आता एकच गट उघडून बघा. पाच दोनांचे बत्तीस. तीन तिनांचे सत्तावीस.” आणि खडू खाली ठेवला. आधी मागच्या बाकावरून “अरे!” आलं, मग सगळ्या वर्गातून. दोनवाले जिंकले होते, आणि ती अवाढव्य संख्या कुणी लिहिलीसुद्धा नव्हती. गणितात नापास होता होता वाचलेली बाई मी, पण मलाही टाळी वाजवावीशी वाटली.

अशा माणसाच्या हाती आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला.

एका योजनेतून एकच मशीन मिळालं होतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. हेडमास्तरांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, खोलीला पडदे लावले, दारात चपला काढायचा हुकूम काढला, आणि किल्ली मिसाळ सरांकडे दिली, कारण दुसरं कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. तालुक्याबाहेर चार दिवसांचं शिबिर करून सर आले आणि आल्या आल्या त्यांनी मशीनला आपला आवडता प्रश्न घातला. वीस आकड्यांच्या दोन संख्या दिल्या. सगळे आकडे सारखे, फक्त शेवटच्या एकंच्या घरात एकीला आठ, दुसरीला सात. दोघांत मोठा कोण?

मशीन म्हणालं, दोन्ही सारख्या.

सर माझ्याकडे आले तेव्हा चेहरा असा की घरात काही वाईट घडलं की काय. “मॅडम, ते खोटं बोलून राह्यलं.”

“कोण, सर?”

“मशीन! समोर दिसून राह्यलं, आठ आणि सात. सारख्या म्हणतं!”

दोन दिवस डबा नीट खाल्ला नाही त्यांनी. मग कुठून कुठून माहिती काढून मला समजावून सांगितलं. मशीनमध्ये संख्या ठेवायची जागा ठरलेली असते. संख्या तिच्यात मावली नाही, तर मशीन पहिले सहा-सात आकडे ठेवतं आणि उरलेल्यांच्या जागी, इथे इतकी घरं होती, एवढीच आठवण ठेवतं. सगळा अंदाजपंचे कारभार. तो सात आणि आठ त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. “बाकीचं काम ठीक हाय त्याचं,” सर म्हणाले, “पण शेवटच्याला ते मोजतच न्हाई, हे मला बराबर वाटत न्हाई.” ते त्यांच्या मनाला लागलं होतं, हे मला दिसत होतं. यंत्राचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

इथे सुनंदाबद्दल सांगायला हवं. सुनी, सरांची एकुलती एक लेक. त्याच वर्षी बारावीची परीक्षा दिली होती. सुट्टीत वडिलांचा डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत त्या मशीनपाशीच बसायची. तिला औरंगाबादला जाऊन कॉम्प्युटरच शिकायचं होतं. सरांचीही तीच इच्छा. पण सरांच्या इच्छेने काही ठरत नसे. मिसाळांचं मूळ घर पिंपळगाव रेणुकाईला, शेती तिथे, थोरले भाऊ अण्णा तिथे, आणि त्या सगळ्यांच्या वर गोदाआत्या. सरांचे आईवडील लवकर गेले. विधवा होऊन माहेरी आलेल्या ह्या आत्याने दोन्ही भावांना वाढवलं, घर राखलं. पोरीने औरंगाबादच्या होस्टेलात राहायचं की नाही, हे पिंपळगावच्या ओट्यावर ठरणार होतं.

त्या घरची एक पद्धत होती. विहीर खोल करायची असो नाहीतर बैल विकायचा असो, जेवणं उरकली की सगळे ओट्यावर बसायचे. आधी सगळ्यात लहान असेल त्याने बोलायचं. मग त्याच्याहून मोठ्याने. मोठी माणसं आधी बोलली की लहानांची तोंडं बंद होतात, म्हणून ही उलटी तऱ्हा. प्रत्येक वरच्याला खालच्यांचं मोडायची मुभा. असं वर वर जात सगळ्यात शेवटी आत्या. आत्याने हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही. आणि आत्या काहीच बोलली नाही, तर विषय मिटला म्हणून सगळे टोप्या उचलून कामाला लागायचे. मला हे सरांनीच कौतुकाने सांगितलं होतं.

“मग सुनीचं काय होणार?” मी विचारलं.

“रिझल्ट लागू द्या. मंग बसू ओट्यावर.” एवढं बोलून ते परत मशीनकडे वळले. त्यांना त्या विषयाची भीती वाटत होती. मला ती स्पष्ट दिसली.

मशीनशी त्यांची झटापट सगळी सुट्टी चालली. पहिली युक्ती अशी की संख्येला संख्या म्हणायचंच नाही. तिचे आकडे अक्षरांसारखे ठेवायचे, म्हणजे वीस काय, शंभर आकडेसुद्धा एकही न गळता मावतात. हे जमलं. सर खुशीत. मग त्यांनी नऊ आणि दहा दिले आणि मशीन म्हणालं, नऊ मोठा. सरांनी कपाळावर हात मारला. ह्या वेळी मात्र कारण मला कळलं आणि मी अशी काही फुशारले! “सर, हा शब्दकोशाचा न्याय आहे. शब्दकोशात आधी ‘कमळ’ येतं, मग ‘घर’. तिथे लांबी कोण बघतो? पहिलं अक्षर बघतात. ह्याने एक आणि नऊ बघितले, संपलं.” सर माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही गणितात का न्हाई आलात?” माझे गणिताचे मार्क मी त्यांना सांगितले नाहीत.

त्यावर तोड निघाली. आखूड संख्येच्या डावीकडे शून्यं लावायची, दोन्ही सारख्या लांबीच्या करायच्या, आणि घराशेजारी घर ठेवून आकडा आकड्याशी ताडायचा. आता मला वाटलं डावीकडून सुरू करतील. आपण कागदावर बघतो तेव्हा मोठ्या घराकडूनच बघतो, आणि पहिला फरक सापडला की थांबतो. सरांनी उजवीकडून सुरू केलं.

“बेरीज कुठून करता, मॅडम? एकंपासून. वजाबाकी? एकंपासून. मंग हेच काहून उलटं करायचं?”

“पण सर, एकंने सांगून काय उपयोग? वरचे ऐकणार थोडेच!”

“न ऐकू द्या. पण आधी त्याला बोलू द्या. एकं म्हणाला पहिली मोठी, तर तसं लिहून ठिवायचं. मंग दहं. त्याला येगळं वाटलं तर तो एकंचं मोडंल. मंग शतक. शेवटी सगळ्यात वरचा.” मला हसू आलं. पिंपळगावचा ओटाच त्यांनी मशीनमध्ये नेऊन बसवला होता. आणि गंमत म्हणजे ते चूक नव्हतं. त्यांनी पाच हजार आठशे एकवीस आणि तीन हजार नऊशे नव्व्याण्णव देऊन बघितलं. एकं, दहं, शतक, तिघेही दुसऱ्या संख्येच्या बाजूने बोलले, आणि हजाराने येऊन सगळ्यांचं मोडलं. पहिली मोठी. बराबर उत्तर. तेवढ्यात लाइट गेली, लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. सरांनी ते तोंडाने म्हणत पुन्हा लिहून काढलं.

मग त्यांनी आपली ती जुनी जोडी दिली. आठ आणि सातवाली.

मशीन म्हणालं, दोन्ही सारख्या.

सर खुर्चीत मागे टेकले. इतका खचलेला माणूस मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता. एवढी सगळी मेहनत, आणि उत्तर तेच, पहिल्या दिवसाचं. “परत खोटं,” एवढंच म्हणाले. सुनी मात्र उठली आणि म्हणाली, “बाबा, प्रत्येक घराला निकाल काय होता ते दाखवायला सांगू त्याला?” तिने एक ओळ वाढवली. पडद्यावर पहिल्या ओळीत आलं, पहिली मोठी. दुसऱ्या ओळीत, सारख्या. मग खाली शेवटपर्यंत सारख्या, सारख्या, सारख्या.

“हे बघा,” सुनी म्हणाली. “एकंनं बराबर सांगितल्तं. दहंनं पुसलं.”

“दहंला दोन्ही सारखे दिसले ना,” सर म्हणाले. “वरच्यानं सारखं म्हटलं, म्हणजे विषय मिटला.”

“वरच्यानं कुठं काय म्हटलं, बाबा? त्याला फरक दिसलाच न्हाई. तो काही बोललाच न्हाई. मंग खालच्याचं काहून पुसायचं?”

सुनीने ती ओळ बदलली : घरातले आकडे सारखे असतील तर निकालाला हात लावायचा नाही, आधीचा तसाच वर जाऊ द्यायचा. जोडी पुन्हा दिली. पहिली मोठी! एकं एकटाच बोलला होता, वरचे सगळे गप्प, आणि त्याचं वर शेवटपर्यंत टिकलं. मी आनंदाने सुनीची पाठ थोपटली. सर नंतर कुलूप लावताना मला म्हणाले, “मॅडम, अशी चूक मी केली कशी?” मी म्हटलं, होते चूक. पण त्यांना ते उत्तर पटलं नव्हतं.

रिझल्ट लागला. सुनीला औरंगाबादला सहज प्रवेश मिळावा एवढे मार्क पडले. रविवारी ओट्यावर बसायचं ठरलं आणि सर मला म्हणाले, “तुम्ही बी चला, मॅडम. देवीचं दर्शन होईल. आणि बाहेरचं माणूस असलं की आमचे लोक जरा हळू बोलतात.” म्हणून मी गेले. दर्शन झालं, जेवण झालं. भाकरी आणि असा जहाल ठेचा की माझे डोळे वाहायला लागले आणि अण्णा हसायला लागले. मग सगळे ओट्यावर. मी खांबाला टेकून कडेला बसले. आत्या मधोमध, मांडीवर सूप, तुरीची डाळ निवडत.

सुनी म्हणाली, “मला जायचंय.”

तिची आई म्हणाली, “मला करमणार न्हाई तिच्याबिगर. पण जाऊ द्या.”

सर म्हणाले, “जावं.”

अण्णांनी टोपी काढली, घातली. “एवढी लांब पोरगी. मला त्यातलं काही कळत न्हाई. आत्या म्हणंल तसं.”

सगळे आत्याकडे बघायला लागले. आत्या डाळ निवडत होती. एक खडा काढला, बाजूला टाकला. दुसरा काढला. बराच वेळ गेला. आत्या बोलली नाही. अण्णांनी एक सुस्कारा टाकला आणि गुडघ्यावर हात देऊन उठायला लागले. सुनीची आई भांडी आवरायला वळली. सुनीने मान खाली घातली. नेहमीप्रमाणे विषय मिटला होता.

“बसा,” सर म्हणाले.

त्या ओट्यावर आपली पाळी सोडून कुणी बोलत नसे. अण्णा अर्धवट उठलेले तसेच थांबले.

“अण्णा, तू काही बोलला न्हाईस. आत्या बी बोलली न्हाई. मंग खालचं कुणी मोडलं? सुनीचं उभं हाय.”

“असं कुठं असतं?” अण्णा म्हणाले. “आत्या गप म्हणजे न्हाई.”

“कुणी सांगितलं?”

अण्णांना सांगता येईना. कुणालाच येईना. सर आत्याकडे वळले. “आत्या, तू गप बसतीस म्हणजे न्हाई असतं का?”

आत्याने सूप खाली ठेवलं. “न्हाई म्हणायला मला तोंड हाय की,” ती म्हणाली. “मला भ्याव वाटतं, म्हणून हो म्हणवत न्हाई. आणि लेकरांचं मोडवत बी न्हाई. तवा गप बसते. तुमीच उठून जाता.”

मग सरांकडे बघून म्हणाली, “तुझ्या टायमाला बी गपच बसल्ते मी, भानू.”

मला काही कळलं नाही. सुनीच्या आईने माझ्याजवळ सरकून हळू आवाजात सांगितलं. बी.एस्सी. झाल्यावर सरांना पुढं गणितच शिकायला औरंगाबादला जायचं होतं. नंबरही लागला होता. ह्याच ओट्यावर विषय निघाला, आत्या बोलली नाही, आणि सर उठले ते बी.एड.चा फॉर्म आणायला गेले. त्यानंतर त्यांनी त्याचं नाव कधी काढलं नाही.

राग नव्हता सरांच्या चेहऱ्यावर, रडूही नव्हतं. लहान मुलासारखं त्यांनी विचारलं, “खरंच, आत्या?”

“खरंच रे. मला वाटलं, तुझंच मन न्हाई.”

मला त्या ओट्यावर बसवेना. आत्याचा राग आला, सरांचा आला, त्या अण्णांचा तर उगीचच आला. एकमेकांवर एवढा जीव असलेली ही माणसं, आणि कुणी एक प्रश्न म्हणून विचारला नाही! सरांनी आत्याच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं आणि खाली मान घालून ते डाळ निवडायला लागले. आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सुनी जाणार, हे आता कुणी वेगळं बोललंच नाही.

त्याच महिन्यात बदली होऊन मला जालन्याच्या शाळेत जायचं होतं. तेव्हा सरांना मी शेवटचं नीट पाहिलं ते भोकरदनच्या स्टँडवर, सुनीला पोचवायला गेले तेव्हा. ट्रंक टपावर चढली होती. सुनी खिडकीत. आई तिला डबा, पाणी, पैसे, सगळं पुन्हा पुन्हा सांगत होती. कंडक्टरने घंटी मारली तसे सर एकदम खिडकीशी गेले आणि गज धरून म्हणाले, “कुणी गप बसलं तर न्हाई समजू नको. परत इचार.”

“हाव, बाबा,” सुनी म्हणाली. बस निघाली.

धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. सुनीची आई डोळे पुसत पुढे झाली. सर माझ्या शेजारी थांबले. 

“मॅडम, मी बी परत इचारलं असतं तर?”

एवढी फटकळ मी, पण मला बोलवेना. मी बसच्या दिशेने बघत राहिले. 

सर माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाले, “मॅडम, मी इचारून राह्यलो. परत इचारलं असतं तर?”

“तर तुम्ही गेला असता, सर,” मी म्हटलं.

“हाव,” सर म्हणाले. “गेलो असतो.” आणि शाळेच्या रस्त्याला लागले. दुसरा तास त्यांचा होता.